मदत हवी आहे: मसाल्याचा पर्सेप्च्युअल मॅप उलटा येतोय, सिम्युलेशन म्हणतंय ६४% शेअर

ठेचा_आणि_आकडे
लोकहो, तातडीचं आहे. कांदा-लसूण मसाल्याच्या ७ ब्रँडचा पर्सेप्च्युअल मॅप काढलाय, म्हणजे गिऱ्हाइकाला सारखे वाटणारे ब्रँड जवळ आणि वेगळे वाटणारे लांब दाखवणारा नकाशा. काल जो ब्रँड डावीकडे होता तो आज उजवीकडे, डेटा तोच. ज्या दोन ब्रँडची चव, रंग, पाकीट सगळं जवळपास सारखं, ते नकाशाच्या दोन टोकांना. आमचा नवा मसाला मोकळ्या जागेत टाकून सिम्युलेशन (ठिपक्यांच्या अंतरांवरून बाजारातल्या वाट्याचा अंदाज) चालवलं तर ६४% शेअर! साहेब खूश, मला घाम फुटलाय. शनिवारी प्रेझेंटेशन. काय चुकतंय?

शंकेखोर
कशात काढला? रेटिंग घेतलं की जोड्या दाखवून "हे दोन किती सारखे" असं विचारलं? माणसं किती, कुठली? शेअरचं सूत्र कुठलं? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणून चालत नाही.

बाण_बोरूबहाद्दर
एक्सेलच्या स्कॅटर चार्टवर ब्रँडची नावं आणायची असतील तर डेटा लेबलवर राइट क्लिक, फॉरमॅट, मग "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स". २०१३च्या आवृत्तीपासून आहे.

ठेचा_आणि_आकडे
नावं आलीत हो. आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) मध्ये काढलाय. १२० गृहिणी, ९ गुणांवर १ ते ५ रेटिंग (तिखट, रंग, घरगुती चव, किंमत वगैरे). ब्रँडनिहाय सरासरी, त्यावर कोरिलेशन (दोन ब्रँडचे चढउतार किती जुळतात ते), ते सीएमडीस्केल या नकाशा काढणाऱ्या फंक्शनला दिलं. एक्स अक्ष किंमत, वाय अक्ष चव. आज फक्त ८ अर्धवट फॉर्म काढून टाकले.

आकडेमोड
म्हणजे डेटा तोच नाही. असो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डावं-उजवं ही चूकच नाही. एमडीएसला (अंतरांवरून नकाशा काढायची पद्धत, सीएमडीस्केल तेच करतं) फक्त अंतरं कळतात. नकाशा आरशात धरा नाहीतर गोल फिरवा, अंतरं तीच राहतात. ८ फॉर्म गेले, चिन्ह पलटलं. एक्सच्या कॉलमला −१ ने गुणा. कालचा-आजचा नीट ताडून बघायचा असेल तर एक नकाशा फिरवून दुसऱ्यावर बसवणारं व्हेगन पॅकेजमधलं प्रोक्रस्टीझ वापरा.

जुळे ब्रँड दोन टोकांना, ही मात्र चूक. सीएमडीस्केलला अंतर लागतं, तुम्ही साम्य दिलंत. ०.९५ म्हणजे "अगदी सारखे", फंक्शन ते "फार लांब" असं वाचतं आणि निमूटपणे नकाशा काढून देतं.

करायचं असं: ७ ओळी, ९ कॉलमचं सरासरीचं कोष्टक. कॉलम स्केल करा (एका मापावर आणा), त्यावर डिस्ट (अंतरं काढणारं फंक्शन), मग सीएमडीस्केल, के = २ म्हणजे दोन मिती.

वर्गमूळ
एवढं कशाला? कोरिलेशन आहेच तर २(१−आर) चं वर्गमूळ घ्या (इथे आर म्हणजे कोरिलेशन), अंतर तयार. एका ओळीचं काम.

आकडेमोड
त्याने पातळी पुसली जाते. एका ब्रँडला सगळ्या गुणांवर ४-५ आणि दुसऱ्याला त्याच चढउताराने २-३ मिळाले, तर कोरिलेशन १ आणि अंतर शून्य. बाजारात ते दोन एकच आहेत का?

वर्गमूळ
पातळी म्हणजे निम्म्या वेळा नुसती ब्रँडची पुण्याई असते. आवडता ब्रँड म्हटला की बाई सगळीकडे ५ देते. ती पुसलेलीच बरी.

आकडेमोड
मुद्दा मान्य. पण मग प्रत्येक बाईच्या रेटिंगमधून तिने त्या ब्रँडला दिलेली सरासरी वजा करा आणि तसं स्लाइडवर लिहा. नकळत पुसू नका.

टिकमार्क
मुळात १ ते ५ रेटिंग हाच घोळ. "या ब्रँडला काय काय लागू होतं" यावर टिक करून घ्यायचं आणि त्या टिकांच्या कोष्टकावरून नकाशा काढायचा, म्हणजे कॉरस्पॉन्डन्स अॅनालिसिस करायचं. ब्रँड आणि गुण एकाच नकाशावर येतात.

शंकेखोर
फील्डवर्क झालंय, शनिवार तोंडावर आलाय. आणि त्या नकाशात लोक ब्रँडचा ठिपका ते गुणाचा ठिपका पट्टीने मोजतात. सिमेट्रिक नकाशात (ब्रँड आणि गुण आपापल्या मापाने मांडलेला प्रकार) त्या अंतराला अर्थ नसतो. ज्या मोठ्या ब्रँडला सगळंच टिक होतं तो मध्यावर येऊन बसतो, मग साहेब म्हणतात "याला ओळखच नाही".

टिकमार्क
ते वाचणाऱ्याचं अज्ञान, पद्धतीचा दोष नव्हे.

केस_स्टडी
मार्कस्ट्रॅट खेळा, डोळे उघडतील. इन्सियाड या बिझनेस स्कूलच्या लारेशे आणि गातिन्यों यांनी १९७०च्या दशकात बनवलेलं सिम्युलेशन. −२० ते +२० चा नकाशा, पाच सेगमेंट (गिऱ्हाइकांचे गट), प्रत्येकाचा आयडियल पॉइंट (त्या गटाला हवा तसा माल नकाशावर जिथे पडेल तो ठिपका), आणि तो दर फेरीत सरकतो. आजच्या ठिपक्यावर नेम धरला की माल तयार होईपर्यंत गिऱ्हाईक पुढे गेलेलं असतं.

शंकेखोर
छान खेळ आहे. पण त्यात अक्षांची नावं छापून येतात, यांनी ती स्वतःच चिकटवलीत. एक्स म्हणजे किंमत हे कशावरून?

ठेचा_आणि_आकडे
डावीकडे स्वस्त ब्रँड दिसले म्हणून. शेअरचं सूत्र: आयडियल पॉइंटपासूनच्या अंतराच्या वर्गाचा व्यस्त. आयडियल म्हणजे सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी. आपला ठिपका बरोबर त्यावरच ठेवला होता, पण शून्याने भागाकार व्हायला लागला म्हणून अंतर ०.५ धरलं. बाकीचे १.२, १.५, १.६, २, २.२, २.५, ३.

आकडेमोड
सापडले ६४! बाकी सातांच्या व्यस्त वर्गांची बेरीज २.२६. तुमचे ०.५ चे झाले ४. ४ भागिले ६.२६. आता तेच अंतर १ धरा: ३१%. ०.२५ धरा: ८८%. म्हणजे शेअर बाजार ठरवत नाहीये, तुम्ही मनाने टाकलेलं ०.५ ठरवतंय.

वर्गाचा व्यस्त सोडा, ऋण अंतर घातांकात घ्या, म्हणजे ई (२.७१८) चा उणे अंतर एवढा घात. ०.५ ला ३५%, ०.२५ ला ४१%, भडका उडत नाही. अंतराला एक गुणक लावा आणि आधी नवा मसाला बाजूला ठेवून जुन्या सातांचे खरे शेअर जुळेपर्यंत तो हलवा. मगच नवा आत घ्या. आणि ३५ सुद्धा सगळ्यांना माल माहीत आहे, प्रत्येक दुकानात आहे असं धरून. ४०% बायकांना नाव माहीत आणि ३०% दुकानांत माल, तर ढोबळमानाने ४% उरतात.

शंकेखोर
१२० बायका कुठल्या, हे अजून आलं नाही.

ठेचा_आणि_आकडे
६० कोल्हापूर, ६० पुणे.

शंकेखोर
अहो! कोल्हापूरची बाई ज्याला "मध्यम" म्हणते त्याने पुण्यात नाकाडोळ्यांतून पाणी येईल. एकीचा आयडियल वर, दुसरीचा खाली, सरासरी मधोमध, आणि मधोमध कोणीच राहत नाही. तुमची "मोकळी जागा" तीच. दोन शहरांचे नकाशे वेगळे काढा. शेअर एकेका बाईचा काढून मग सरासरी घ्या. त्याने अजून एक दुखणं जातं: एकत्र मोजताना जुळा ब्रँड टाकला की तो सगळ्यांचेच गिऱ्हाईक सारख्या प्रमाणात खातो, खरं तर त्याने आधी जुळ्या भावाचं खायला हवं.

बेडगी
अवांतर: रंग आणि तिखट वेगळे विचारलेत ते उत्तम. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. पण नुसती पाकिटं दाखवली असतील तर लाल दिसलं की "तिखट" असं उत्तर येतं. चव देऊन विचारलं का?

घाटमाथा
अति अवांतर: लवंगी घालून केला तर तो कांदा-लसूण मसाला नाही, शिक्षा आहे. संकेश्वरी घ्या.

बेडगी
तुम्ही पुण्याचे ६० दिसताय.

ठेचा_आणि_आकडे
पाकिटंच दाखवली होती. 😐
डिस्टने परत काढला, जुळे शेजारी आले! स्ट्रेसही (नकाशातली अंतरं मूळ अंतरांपासून किती ढळली ते) काढला, आयसोएमडीएस फंक्शन ४.१ दाखवतंय. स्ट्रेसचं माप देणारा क्रुस्कल ०.०५ ला चांगला म्हणतो ना? मग हे भयंकर?

आकडेमोड
ते टक्क्यांत छापतं, ४.१ म्हणजे ०.०४१. पण हुरळू नका. मितींच्या चौपटीहून जास्त ब्रँड हवेत असा संकेत आहे, म्हणजे दोन मितींना निदान ९. सातांत स्ट्रेस आपोआपच कमी येतो. अक्षांची नावं पुसा. प्रत्येक गुणाचं दोन कोऑर्डिनेटवर रिग्रेशन करा (गुण नकाशावर कुठल्या दिशेला वाढतो ते कळतं), बाण त्या दिशेने काढा, आर स्क्वेअर (नकाशा तो गुण किती पकडतो, ० ते १) सांगा.

ठेचा_आणि_आकडे
तिखट ०.९१, रंग ०.८४, किंमत ०.१८.

आकडेमोड
७ ठिपके आणि २ चल असताना निव्वळ योगायोगानेच सरासरी ०.३३ येतो. किंमत या नकाशात नाहीच. एक्सवरचं नाव आत्ता काढा.

शंकेखोर
किंमत विचारली कशी? पाकीट केवढं? काहींचं १० रुपयांचं पाऊच आणि काहींचा २०० ग्रॅमचा पुडा दाखवला असेल तर "महाग-स्वस्त" चं उत्तर पाकिटाचं आलं, मसाल्याचं नाही.

ठेचा_आणि_आकडे
तीन पाऊच, चार पुडे. दुकानात मिळाले तसे आणले.

बाण_बोरूबहाद्दर
मग लेबलात वजन पण टाका. त्याच "व्हॅल्यू फ्रॉम सेल्स" मधून होतं.