नोकरी गेली आणि समोर कागद आला: तुमचे अनुभव

चाफा
काल रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचा मुलगा लॅपटॉप घेऊन वर आला. चेहरा उतरलेला. "मावशी, उद्या बारापर्यंत सही करून पाठवायचंय, एकदा बघता का?" कागद वाचायच्या आधीच माझे हात थरथरायला लागले. २०१७ चा जून, हिंजवडी, ती बिनखिडकीची खोली परत डोळ्यांपुढे उभी राहिली.

११ वर्षं झाली होती मला तिथे. एचआरच्या दोघी, आणि टेबलावर आधीच टाइप केलेला माझा राजीनामा. हो, माझाच! "आज सही केलीत तर दोन महिन्यांचं बेसिक. नाहीतर टर्मिनेशन, आणि पुढच्या कंपनीला ते दिसेल." फोन बाहेर ठेवायला लावला होता. घरी विचारून येते म्हटलं तर "मॅडम, निर्णय तुमचाच आहे ना?" केली सही. दोन वाजता कार्ड काढून घेतलं. डबा तसाच डेस्कवर राहिला.

त्या कागदात "सर्व देणी मिळाली" असं एक वाक्य होतं. ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी हक्काची रक्कम) मात्र दिलीच नव्हती. एका वकीलबाईंनी सांगितलं की तेव्हाच्या, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुढे असं लिहून घेतलेलं टिकत नाही. बेसिक ४२,०००, गुणिले १५ दिवस, भागिले महिन्याचे २६ दिवस, गुणिले ११ वर्षं: २,६६,५३८ रुपये. लेबर ऑफिसात अर्ज केल्यावर मिळाले. पण राजीनाम्यावर सही असल्यामुळे "मला काढलं" हे सिद्ध करायचं ओझं माझ्यावर आलं, आणि तेवढी ताकद तेव्हा नव्हती माझ्यात.

सही केली असेल, नसेल, कोर्टात गेला असाल, सगळं लिहा. त्या मुलाला वाचायला देणार आहे.

पावसाळी ढग
वाचूनच पोटात गोळा आला. आमच्याकडे २०२० मध्ये हेच सगळं व्हिडिओ कॉलवर झालं. कॅमेरा चालू ठेवायचा होता, आणि मागे मुलगी दोनाचा पाढा म्हणत होती.

हिंजवडीकर
डबा मिळाला का मग?

चाफा
नाही ना. वॉचमनदादांना दोनदा विचारलं.

सायकलवाला
मी नाही केली सही. तीन तास बसवून ठेवलं, मी एकच वाक्य धरून बसलो: मला जे काही आहे ते लेखी द्या. घरी आल्यावर स्वतःच्या मेलवरून लिहून टाकलं की मी राजीनामा देत नाहीये, आज खोलीत अमुक अमुक बोलणं झालं, वेळ ही. पुढे वकिलांनी सगळ्यात आधी तोच मेल मागितला.
तीन आठवड्यांनी काढल्याचं पत्र आलं. हुद्दा असिस्टंट मॅनेजर, त्यामुळे कंपनी म्हणाली तुम्ही कामगार नाहीच, कामगार कायदा तुम्हाला लागू नाही. पण माझ्या हाताखाली एक माणूस नव्हता, रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, दिवसभर कोडच लिहायचो. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा हातून काय काम होतं हे कोर्ट बघतं. ९० दिवसांच्या आत लेबर कोर्टात तक्रार टाकली. दोन वर्षं नुसत्या तारखा. शेवटी बाहेरच्या बाकावर तडजोड, नऊ महिन्यांचा पगार.
एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. बायको शाळेत शिकवते, तिचा पगार चालू होता म्हणून लढलो. घरात एकच पगार असता तर मीही सही केली असती. ज्यांनी केली त्यांना कुणी भित्रं म्हणू नये.

चाफा
सायकलवाला, शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

गिरणगावची लेक
आमच्या बाबांनी २००१ मध्ये व्हीआरएसवर (स्वेच्छानिवृत्ती) सही केली. ८२ चा गिरणी संप त्यांनी पूर्ण पाळला होता, त्या दीड वर्षात आईने खानावळ चालवली, वीस डबे असायचे. हाती आलेल्या रकमेतून ताईचं लग्न झालं, उरलेलं गावच्या घराच्या पत्र्यांत गेलं. एक मात्र बरं, बाबांनी हजेरीचं कार्ड जपून ठेवलं होतं. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीच्या अर्जाला तेच कामी आलं. कागद टाकू नका कुणी. पगाराच्या स्लिपा, वाढीची पत्रं, सगळं आपल्या मेलवर आधीच घेऊन ठेवा. लॅपटॉप गेला की दार बंद.

संध्या_न्यूजर्सी
इथला अनुभव. वय ४३, गटाने काढलं. चाळिशीच्या पुढच्यांना अशा वेळी विचार करायला ४५ दिवस द्यावेच लागतात (एकट्याला काढलं तर २१), आणि सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते. हे मला माहीतच नव्हतं, मैत्रिणीने ओरडून सांगितलं. शिवाय १० एप्रिल २०२३ पासून इथे मोठ्या कपातीत नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा पगार कायद्यानेच मिळतो. कंपनीवरचा दावा सोडण्याच्या बदल्यात कंपनीला त्यावर आणखी काहीतरी द्यावं लागतं. माझ्या कागदात ते कायद्याचेच पैसे "आमच्याकडून खास" म्हणून लिहिले होते!! वकिलाने बोट ठेवलं, चार आठवड्यांचा पगार वाढला. पण मी एच-१बी (नोकरीशी बांधलेला व्हिसा) वर असते तर ६० दिवसांची घालमेल वेगळीच असती. शेजारच्या तेलुगू कुटुंबाची पाहिली आहे, मुलांच्या शाळेसकट सगळं आवरून गेले.

लीड्सची माई
यूकेत स्वतंत्र सल्ला घेतल्याशिवाय असा करार धरतच नाहीत. माझ्या वकिलाचे पैसे कंपनीनेच भरले. भरपाईचे पहिले ३०,००० पौंड करमुक्त, नोटिशीचा पगार त्यात धरत नाहीत. ट्रायब्युनलला (नोकरीच्या तंट्यांचं कोर्ट) माझ्या वेळी मुदत तीन महिन्यांत एक दिवस कमी होती, तो एक दिवस विसरू नका. बाकी नंतर, कुकरची शिट्टी.

म्युनिकर
जर्मनीत तीन आठवडे!! काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कोर्टात जायचं, नाहीतर संपलं. आणि दोघांच्या संमतीने सोडतोय असं लिहून दिलंत तर बेकारभत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडकू शकतो.

वऱ्हाडी
हे परदेशातलं वाचून बरं वाटते, पण आमच्या बुटीबोरीत सुपरवायझर सांगते उद्यापासून येऊ नका अन् झालं. कंत्राटी पोरांना कोण कागद देते? माझ्या भावाले पीएफचा नंबरच माहीत नव्हता. तो तरी शोधून ठेवा बाप्पा.

मीनल_ना
मला नोकरीपेक्षा मेडिक्लेमचा धक्का बसला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, आणि कंपनीची पॉलिसी त्याच दिवशी बंद. मी फक्त "महिनाअखेरपर्यंत विमा चालू ठेवा" एवढंच मागितलं, आणि दिलं त्यांनी. पैशाशिवायही मागण्यासारखं असतं.

पावसाळी ढग
मीनल, आईचा डोळा कसा आहे आता?

मीनल_ना
छान! सुईत दोरा ओवते.

लेबरलॉ_वाचक
आत्ता सही करणाऱ्यांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. कारखान्यांत कपातीला सरकारी परवानगी लागते ती कामगारसंख्येची मर्यादा १०० वरून ३०० वर गेली. पण काढल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही आता कायद्यात आहे. आणि "दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" या कलमाला घाबरू नका. नोकरी सुटल्यानंतर तसं बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली टिकत नाही. कंपनीची गुपितं न फोडणं वेगळं, ते पाळायचंच.

रेवा
चाफा, त्या वकीलबाईंचं नाव व्यनि (खाजगी निरोप) कराल का? माझी मुदत शुक्रवार आहे.

चाफा
केला व्यनि. काही लागलं तर रात्री फोन कर गं, मी जागी असते.
खालच्या मुलाने सही केलेली नाही. सोमवारपर्यंत वेळ मागणारा मेल पाठवला, अर्ध्या तासात "ठीक आहे" आलं. काल मात्र म्हणत होते बारानंतर ऑफर रद्द! आत्ता आमच्याकडे पिठलं-भात खातोय. परवापासून नीट जेवला नव्हता.

हिंजवडीकर
डब्यावर नाव कोरलेलं होतं का? मी त्याच इमारतीत आहे अजून. पॅन्ट्रीच्या खालच्या कपाटात जुने डबे पडलेत बरेच.

चाफा
होतं! झाकणावर, आईचं माहेरचं नाव. शेवटचं अक्षर जरा पुसट झालंय. बघाल?