ऊसतोड महिलांपर्यंत ध्वनिफीत पोहोचवावी कशी?

प्रश्न (केज, जि. बीड): आमचा बचत गट कौटुंबिक हिंसाचारावर पाच मिनिटांच्या ध्वनिफिती तयार करीत आहे, मात्र फोन बहुधा नवऱ्याच्याच हाती असल्याने त्या ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांना कशा ऐकवाव्यात?

उत्तर (परभणी): फोनवर मुळीच पाठवू नयेत, कारण कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) काय वाजते ते शेजारच्या कोपीतही ऐकू जाते. आम्ही बैठकीत स्पीकरवर ऐकवतो. पहिल्या फितीत कायद्याची कलमेच वाचली, तेव्हा बायका निमूटपणे शेंगा फोडत राहिल्या, पुढच्या वेळी जात्यावरच्या ओवीने सुरुवात करून नवऱ्याने उचलीचे (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले) पैसे परस्पर उडवल्याचा प्रसंग ठेवला, तशी एक आजी म्हणाली, "हे तर माझंच हाय." बाईचे पैसे हिरावणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार आर्थिक छळ ठरतो, हे त्यानंतर सांगितले.

उत्तर (लातूर): पीडितेचा खरा आवाज वापरू नये, तो यंत्राने बदलला तरी बोलण्याच्या लकबीवरून गाव ओळखतेच. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक दोनदा, सावकाश सांगावा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. ओवी सासूबाईंकडूनच गाऊन घेते, त्या तयार झाल्या तर.