सावित्रीवरचा जुना दगडी पूल: कमान इतकी वर्षे तग धरते ती कशी?

लालबागचा चाकरमानी:
गणपतीला एसटीने गावी जाताना महाडजवळ सावित्रीवरचा काळ्या दगडाचा पूल लागत असे. 1928 साली बांधलेला तो पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. जी दगडी कमान 88 वर्षे ट्रकची वर्दळ पेलते, ती एका रात्रीत कशी जाते? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

निवृत्त अभियंता, दादर:
दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. म्हणून कमानीचे दगड पाचरीसारखे घडवतात, लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत आणतात आणि माथ्यावर कळीचा दगड बसवून साचा काढतात. त्यानंतर वरून जितके ओझे येईल तितके दगड एकमेकांना घट्ट आवळतात. पुलाच्या स्वतःच्या वजनापुढे ट्रकचे वजन किरकोळच असते, त्यामुळे असा पूल वरून सहसा मोडत नाही. त्याला धोका असतो तो खालून. पुराचे पाणी खांबाला अडून तळाकडे वळते आणि पायाजवळची वाळू व गोटे उकरून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून येतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाला पात्र जसेच्या तसे दिसते. शिवाय खांबाच्या दोन्ही अंगांच्या कमानी एकमेकींचा रेटा तोलत असतात. एक खांब कलला की शेजारची कमानही आधार गमावते.

पोलादपूरकर, मुक्काम बोरिवली:
पिंपळालाही विसरू नये. आमच्या ओढ्यावरच्या दगडी मोरीतले रोप दरवर्षी कोयत्याने वरून छाटले जाई आणि मुळे आत जाडच होत राहत. सांध्यातला चुना इतका झडला की बोट आत जाई. मग कोणीतरी वरून सिमेंट थापले (दिसायला छान!), पण त्यामुळे आत मुरलेले पाणी कोंडले आणि पुढच्याच पावसाळ्यात दर्शनी दगड सुटले.

लालबागचा चाकरमानी:
आभारी आहे. गाळाने बुजलेला खड्डा मग ओळखायचा कसा?

निवृत्त अभियंता, दादर:
पूर चालू असतानाच दोरीला जड वजन बांधून खांबालगत सोडावे आणि खोली मोजावी. तेच माप पूर ओसरल्यावर पुन्हा घेतले की फरक कळतो. आमच्या उमेदवारीच्या काळात भर पावसात हे काम करायला कोणी खुशीने तयार होत नसे, मीही नाही.