२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हा निव्वळ योगायोग का?

प्रश्न
३२ बिटच्या इंटिजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अधिक-उणे पूर्ण संख्या ठेवतो त्या ३२ शून्य-एकच्या घरांत, सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७ बसते हे माहीत होतं, पण ती मूळ संख्या आहे हे परवा कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. २ चा ३१वा घात वजा १. कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम अशी निवडली का? आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हे हाताने सिद्ध केलं म्हणे. वर्गमूळ ४६३४० च्या पुढेच येतं, तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं तर पावणेपाच हजारांच्या वर भागाकार, एकटा माणूस कसं करेल?

पहिलं उत्तर
मुद्दाम नाही. एक बिट चिन्हाला जातो, उरलेले ३१ सगळे १ केले की हीच संख्या. १६ बिटला ३२७६७ येते, ती ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटवालीला पण ७ ने भाग जातो. घातांक संयुक्त असला की २ चा घात वजा १ मूळ असूच शकत नाही, आणि १५ नि ६३ दोन्ही संयुक्त. ३१ मूळ आहे म्हणून निदान शक्यता तरी होती. पण तेवढ्याने भागत नाही, ११ घेऊन बघा, २०४७ = २३ × ८९.

दुसरं उत्तर
वरचे २३ आणि ८९ नीट बघा, दोन्हीतून १ वजा केला की २२ ने भाग जातो, म्हणजे ११ च्या दुपटीने. ऑयलरची किल्ली हीच. समजा क्ष ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते, मग २ चा ३१वा घात भागून बाकी १ उरते, ३१ मूळ असल्यामुळे त्याआधी कुठल्याच घाताला १ उरत नाही, आणि फर्माच्या प्रमेयाने (२ चा क्ष वजा १ वा घात क्ष ने भागला की बाकी १ च उरते) क्ष वजा १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क्ष विषम, म्हणून ६२ नेही. शिवाय २ चा ३२वा घात भागला की बाकी २, आणि हा घात स्वतः २ च्या १६व्या घाताचा वर्ग, म्हणजे २ ही तिथे वर्गसंख्येची बाकी झाली, आणि ते तेव्हाच जमतं जेव्हा क्ष ला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच शिल्लक. ४६३४० पर्यंत अशा, १ सोडून, ३७३ च, त्यातल्या मूळ तर शंभराच्या आत. मला हे इतकं सुंदर वाटतं की काय सांगू, भागाकार करायच्या आधीच बहुतेक सगळं काम संपलेलं असतं!

तिसरं उत्तर
ही मूळ असल्याचा उपयोगपण झालाय. रँडम आकडे काढायची एक जुनी पद्धत आहे, आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७ चा ५वा घात. १ ते २१४७४८३६४६ मधला प्रत्येक आकडा एकदा येऊन जातो, मगच पुन्हा पहिला.

प्रश्नकर्ता
आत्ताच वही घेऊन बसलो. त्या अटीत बसणाऱ्या पहिल्या तीन मूळ संख्या ३११, १३०३, १४८९ निघाल्या. २१४७४८३६४७ ला ३११ ने भागून बाकी ३५, १३०३ ने २२६. आता १४८९ करतोय.