मदत हवी आहे: जुन्या कॉमिकच्या पिना गंजल्यात, काढू की ठेवू?

अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक आहे माझ्याकडे. मूळ अंक १९६८ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. ही प्रत नंतरच्या छपाईची आहे, कारण पहिल्या छपाईवर असलेलं मुद्रक चार्ल्स प्लायमेलचं नाव हिच्या मागे नाही. विकायची अजिबात नाही. त्या दाट रेघा कागदावरच बघण्यात खरी मजा!

मधल्या पिना गंजून घडीवर तपकिरी डाग उतरलाय, खालच्या पिनेपाशी कागद तुकडे पडावेत इतका ठिसूळ झालाय. मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिकचं) पाकीट आणि आम्लविरहित पुठ्ठा वापरून झाला, डाग तरी पसरतोच आहे. चिकटपट्टी लावलेली नाही, लावणारही नाही.

आतून पिनांचे पाय उघडून त्या काढल्या, तर त्याच भोकांतून कशाने बांधू: स्टेनलेस स्टीलच्या पिना की सुती दोरा?