माणसाला ‘सिंपल’ म्हटलं तर खटकतं का?

प्रश्न
आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवांकातला इंग्रजी मजकूर माझ्याकडे आलाय. त्यात मी ‘शी इज अ सिंपल वुमन’ असं लिहिलं. मराठीत ‘बाई अगदी साध्या’ म्हणताना केवढा आदर असतो! पण मजकूर तपासणाऱ्या सहकारी म्हणतात, हे वाक्य काढ. शब्दकोशात तर ‘साधा, सोपा’ एवढंच दिलंय. मग अडचण कुठे आहे, आणि त्याऐवजी काय लिहू?

उत्तर
सहकाऱ्यांचं ऐका. मी बरीच वर्षं भाषांतराचं काम करते आणि ‘सिंपल’ माणसाला लागलेला दिसला की थांबतेच. आराखडा, पोशाख, पद्धत, उत्तर यांना तो खुशाल लावा, तिथे तो गुणच सांगतो. माणसाच्या बाबतीत मात्र ‘बुद्धीने बेताचा, भोळसट’ हा त्याचा जुना अर्थ अजून पुसला गेलेला नाही. ‘सिंपल-माइंडेड’ आणि ‘सिंपलटन’मध्ये तोच आहे. ‘आय अ‍ॅम अ सिंपल मॅन’ असं कुणी स्वतःबद्दल म्हटलं तर ‘माझ्या गरजा थोड्या’ एवढंच कळतं. दुसऱ्याबद्दल, तेही एका विदुषीबद्दल लिहिलं, की वरच्या पायरीवरून बोलल्यासारखं वाटू शकतं.

आता बाईंचा साधेपणा नेमका कशात आहे ते बघा. राहणीत असेल तर ‘शी लिव्ह्ज सिंपली’ लिहा. क्रियाविशेषण केलं की शब्द राहणीपुरता उरतो आणि ते निखळ कौतुक होतं. मोठेपणा न मिरवण्यात असेल तर ‘अनअझ्युमिंग’. सगळ्यांशी मोकळेपणाने वागण्यात असेल तर ‘डाउन टु अर्थ’. मराठीतल्या ‘साध्या’मध्ये हे तिन्ही एकदम मावतं, इंग्रजीत निवड करावी लागते.

आणि कृपा करून ‘सिंपलिस्टिक’कडे वळू नका! तो ‘सिंपल’चा भारदस्त अवतार समजून लोक वापरतात. त्याचा अर्थ गुंतागुंतीच्या गोष्टीला नको तितकं सोपं करून टाकणारा. ती टीका आहे.

दुसरं उत्तर
मूळ लॅटिन ‘सिंप्लेक्स’, म्हणजे एकपदरी. ‘डुप्लेक्स’ दुपदरी. हे धरून ठेवलं की बाकीचे उपयोग उलगडतात. ‘सिंपल इंटरेस्ट’ म्हणजे सरळव्याज, फक्त मुद्दलावर. १०,००० वर १० टक्क्यांनी २ वर्षांचं २,०००, तेच दरसाल चक्रवाढीने २,१००. व्याकरणातलं ‘सिंपल सेंटेन्स’ म्हणजे केवल वाक्य. ‘सिंपल फ्रॅक्चर’मध्ये हाड मोडतं पण त्यावरची कातडी फाटत नाही, दुखणं किरकोळ असा त्याचा अर्थ नव्हे.

‘इझी’शीही गल्लत नको. ‘इझी’ कष्टाबद्दल बोलतो, ‘सिंपल’ रचनेबद्दल. शंभर जोर काढणं सिंपल आहे, इझी नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाई घरीदारी साध्या राहतात, आणि एवढं वाचन असून बोलताना कुणाला दडपण येऊ देत नाहीत. म्हणून असं केलंय: ‘शी लिव्ह्ज सिंपली अँड वेअर्स हर लर्निंग लाइटली.’ उत्तरार्ध बरोबर आहे ना?

उत्तर
अगदी बरोबर. विद्वत्तेचं ओझं दुसऱ्यावर न टाकणाऱ्यांसाठी इंग्रजीत हाच प्रयोग रूढ आहे. छापायला द्या.