इंजिन उघडायचं की बदलायचं? मीटर बघून निकाल लावू नका

डिचोलीचा टिप्परवाला
माझा जुना टाटा टिप्पर, आत ५.९ लिटरचं कमिन्स ६बीटी इंजिन. मीटरवर सहा लाखांच्या वर. चढाला लागला की निळा धूर, ऑइल प्यायला लागलाय, सकाळी स्टार्ट घ्यायला त्रास. ज्याला विचारावं तो एकच सांगतो: एवढं चाललेल्या इंजिनात आता पैसे घालू नको, मुंबईहून नाहीतर बेळगावहून दुसरं जुनं इंजिन आण, चढव आणि धंद्याला लाग. मला हे पटत नाही, आहे तेच उघडून दुरुस्त करावं असं माझं मत. का पटत नाही ते मांडतो, उलट मत असेल तर कारणासकट सांगा.

गाडी किती फिरली तेवढंच मीटर सांगतो, इंजिन किती वेळ चाललं ते नाही. आपल्या गोव्याच्या खाणपट्ट्यात फेरी आखूड, खाणीपासून जेटीपर्यंत. भरायला रांग, खाली करायला रांग, आणि त्या रांगेत इंजिन चालूच. तीन लाख किलोमीटरचा टिप्पर तासांच्या हिशेबात पाच लाखांच्या हायवे गाडीपेक्षा म्हातारा असू शकतो. मग माझ्या इंजिनाचे किलोमीटर मोजून त्याला मोडीत काढणारा माणूस, जे विकत घ्यायला सांगतो त्याचं काय मोजतोय?

आणि "कमी चाललेलं" म्हणून दाखवतात ते इंजिन असतं कुठलं? २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे पुन्हा सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्च २०१८ पासून परत सगळं थांबलं. साखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे, कुठेही जा, आवारात, माडाखाली टिप्पर उभे. त्यांच्यावरून आपले पावसाळे गेले. थांबलेल्या इंजिनात कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून दमट हवा आत जाते, बोअरला, म्हणजे पिस्टन चालतो त्या नळीच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो, पिस्टनवरच्या रिंगा खाचेत चिकटतात. अशा इंजिनाला आंघोळ घालून, रंग मारून, नवीन ऑइल भरून चालू केलं तर जागेवर गोड चालेल. माल भरून अनमोड घाट चढवा, मग बोला.

माझ्या इंजिनाचा इतिहास मला ठाऊक आहे. फिल्टर वेळेवर, कधी गरम होऊन बंद पडलं नाही. याला वेगळा लायनर, म्हणजे बदलता येणारी आतली नळी, नसतो, १०२ मिलिमीटरचा बोअर थेट ब्लॉकमध्येच. त्यामुळे "लायनर नाही म्हणजे ब्लॉक संपला" असं पसरवतात. ते खरं नाही. बोअर कापून मोठा केला की त्यात बसणारे अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. तेही संपले तर स्लीव्ह (आतून बसवायची नळी) ठोकून परत मूळ मापावर येता येतं.

वेर्ण्याचा वाहतूकदार
तुमचं इंजिनाचं ज्ञान मान्य, पण तुम्ही धंद्याचा हिशेब धरलेला नाही. समजा खर्च वजा जाता गाडी दिवसाला ४,००० सुटवते. दुसरं इंजिन चार दिवसांत बसतं. उघडून केलं तर वीस दिवस धरा, कारण क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, ग्राइंडिंगला बेळगावला नाहीतर कोल्हापूरला जाणार, तिथे नंबर लागणार, एखादा पार्ट चुकीचा येणार. सोळा दिवसांचे ६४,००० तिथेच गेले. त्या काळात बँकेचा हप्ता थांबत नाही आणि ड्रायव्हरला घरी बसवून ठेवता येत नाही. बसवला तर तो दुसऱ्याकडे जातो, आणि चांगला ड्रायव्हर परत मिळत नाही.

शिवाय इंजिन उघडायच्या आधी मेस्त्री रिंग-पिस्टनचा आकडा सांगतो. उघडल्यावर क्रँक निघतो, मग हेड, मग ऑइल पंप, मग फ्युएल पंप. बदलायच्या इंजिनाची किंमत निदान आधी कळते.

फोंड्याचा मेस्त्री
दोघंही भांडताय, पण अजून रोग कुणी बघितलेला नाही. निळा धूर आणि ऑइल कमी म्हणजे बोअर गेला, असं धरून कितीतरी इंजिनं विनाकारण उतरवली जातात.

सगळ्यात आधी ब्रेकच्या हवेच्या टाकीचा खालचा ड्रेन ओढा आणि समोर पांढरा कागद धरा. थोडं पाणी येणारच, आपल्या हवेत ते असतंच. पण कागदावर काळं, चिकट ऑइल उडालं तर एअर कॉम्प्रेसर ऑइल ओढतोय. त्याच्या रिंगा गेल्या असतील, आणि लोक मोठ्या इंजिनाच्या रिंगा बदलत बसतात. मग टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा, होज काढा. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूला ऑइलचं डबकं असेल, शाफ्ट हातात हलत असेल, तर धूर टर्बोचा. हे झाल्यावर ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. इंजिन गरम असताना तिथून फुस्स-फुस्स दाबाने धूर येत असेल तर मात्र गॅस रिंगांवरून खाली जातोय. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, सहाही सिलिंडरचं. सगळे सारखे उतरलेले असतील तर झीज आहे. एकच पडलेला असेल तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा एखादी तुटलेली रिंग.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावर मोजा, आणि डॅशबोर्डच्या काट्यावर नको, हाताने गेज लावून. ६बीटीला आयडलला (रेस न देता) कमीत कमी १० पीएसआय (दाबाचं माप) आणि पूर्ण फेऱ्यांवर ३० पाहिजे. तेवढं मिळत असेल तर खालची बाजू, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग, बहुतेक शाबूत आहे. मग वेर्ण्याच्या बाबांना वाटतं तेवढं बिल फुगायचं नाही.

सावर्ड्याचा जुना गाडीवाला
मेस्त्री म्हणतात ते करावंच. पण इंजिन खरोखर गेलं असेल तर मी बदलण्याच्या बाजूने, फक्त भंगारातलं नाही. टाटाचं प्रोलाइफ आहे. जुनं इंजिन द्यायचं, कंपनीने रिकंडिशन केलेलं घ्यायचं, त्यावर वॉरंटी. महाग पडतं, पण उद्या काही झालं तर विचारायला दार आहे. गॅरेजमधल्या कामाला कोण कागद देतो? सहा महिन्यांनी बेअरिंग गेलं तर लेथवाला पार्टवर ढकलतो, पार्टवाला फिटिंगवर, फिटर ऑइलवर.

डिचोलीचा टिप्परवाला
@सावर्डे, कंपनीच्या एक्सचेंज इंजिनाला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो गावगन्ना मिळणाऱ्या, कूळ-मूळ माहीत नसलेल्या इंजिनाला.

@वेर्णा, तुमचे चार दिवस तेव्हाच खरे, जेव्हा आणलेलं इंजिन चांगलं निघतं. नाही निघालं तर तेच इंजिन परत उतरवायचं, आणि मग चार अधिक वीस. हा धोका तुमच्या ६४,००० मध्ये कुठेच नाही. शिवाय काम पावसाळ्यात काढलं तर तुमचे वीस दिवस तसे पडतही नाहीत. जून ते सप्टेंबर खाणीवर आणि बांधकामावर कामच कमी, गाडी एरवीही उभीच असते.

म्हापशाचा कागदपत्रवाला
कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ याच गोष्टीचं आहे: आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यालाही विचारात घ्यावं लागतं. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी, तिथे नंबर जुळला नाही तर गाडी अडकते. आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हेच कारण पुरतं.

म्हणून दुसरं इंजिन घेताना बिल पाहिजे, आणि ते कुठल्या गाडीतून निघालं त्या गाडीचे कागदही पाहिजेत. "कागद मागाहून देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर धंदा बाजूला राहून पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू होतात.

लेथवर हात काळे करणारा
मी मशीन शॉपमध्ये काम करतो, आणि माझं मत धागाकर्त्याच्या विरुद्ध आहे. रिपेअर चांगलं, पण कुठे होतंय त्यावर सगळं. बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजायचा असतो, म्हणजे निमुळतेपणा आणि अंडाकृतीपणा दोन्ही कळतो. किती जण मोजतात? बोटाने वरची कड चाचपून "अजून चालेल" म्हणतात आणि जुन्याच बोअरमध्ये नवीन रिंगा घालतात. होनिंगही, म्हणजे बोअरच्या भिंतीवर बारीक रेघा पाडणंही, करत नाहीत. ती रिंग बसत नाही, गाडी तेवढंच ऑइल पीत राहते आणि गिऱ्हाईक म्हणतो इंजिनच खराब.

क्रँकचं त्याहून वाईट. पाव मिलिमीटर उतरवताना जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई तशीच राखावी लागते. कोपरा काटकोनात आला की तिथूनच क्रँक तुटतो, तोही भरल्या गाडीत. घाईत, कमी पैशांत हे सगळं करणार असाल तर त्यापेक्षा वॉरंटीचं इंजिन घ्या.

वेर्ण्याचा वाहतूकदार
आणखी एक. तुम्ही सगळे जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर बोलताय. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६ (धुराच्या नियमांचा टप्पा) आल्या, कॉमन रेल (जास्त दाबाची डिझेल लाइन), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर. तिथे एक इंजेक्टर फुटून पिस्टन जाळतो. अशा इंजिनाला गावातल्या मेस्त्रीने हात लावावा असं मला वाटत नाही. माझ्या ताफ्यात मी कंपनीच्याच दारात जाईन.

फोंड्याचा मेस्त्री
गावातला मेस्त्री स्कॅनर वापरतो, बाब. पण कॉमन रेलला भंगारातलं इंजिन तर आणखीच धोक्याचं. वायरिंग आणि ईसीयू जुळलं नाही तर गाडी स्टार्टच होणार नाही. बीएस-४ गाडीत बीएस-३ चं इंजिन टाकायचा विचारही करू नका, आरटीओ नोंद करणार नाही.

डिचोलीचा टिप्परवाला
लेथवाल्या दादांचं म्हणणं मी माझ्या विरुद्ध धरत नाही. माप कागदावर लिहून देईल त्याच्याकडेच ब्लॉक जाईल, आणि क्रँक स्वतः घेऊन जाईन, टेम्पोत टाकून पाठवणार नाही.

इंजिन कधी बदलावं हे मलाही मान्य आहे. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, मेन बेअरिंगच्या बैठकीत तडा निघाला, किंवा क्रँक घासून आधीच शेवटच्या मापावर आलेला असला, तर तिथे भावनेला जागा नाही, बदलायचं. तेव्हाही विकणाऱ्याला आधी सांगायचं की माझ्यासमोर सम्प (खालचं ऑइलचं भांडं) खोल आणि एक मेन (क्रँकचं), एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं) बेअरिंग काढून दाखव. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

उद्या सकाळी टाकीचा ड्रेन कागदावर ओढतो, मग कॉम्प्रेशन. आकडे इथेच टाकीन, तेव्हा परत भांडू.

वेर्ण्याचा वाहतूकदार
टाका. पण दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार उतरलेले निघाले तर माझं मत तेच राहील: सावर्डेवाले म्हणतात तसं एक्सचेंजचं घ्या, चतुर्थीआधी गाडी रस्त्यावर आणा.